समोरच्या भिंतीवरची बाई

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मांतोंच्या जुन्या गावात, चर्चच्या पायऱ्यांखालून जी गल्ली समुद्राकडे उतरते, तिथं बार्नाबे पाल्मारोचं घर. त्याच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर एक उंच पिवळी इमारत आहे. मधली गल्ली एवढी अरुंद, की इकडे कांदा करपला तर तिकडची बाई खोकते. त्या इमारतीला खिडक्या पुष्कळ, पण निम्म्याअधिक खोट्या. चौकट रंगाची, हिरव्या झडपा रंगाच्या, झडपेवर झोपलेलं मांजरही रंगाचंच. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. आत जिना आला, भिंत आली, किंवा मालकाचा खिसा आडवा आला, की रंगाऱ्याला बोलवायचं आणि खिडकी काढून घ्यायची. घर ओकंबोकं दिसता कामा नये, एवढंच.

अशाच एका खोट्या खिडकीत, बार्नाबेच्या स्वयंपाकघराच्या नाकासमोर, एक बाई होती. कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकलेलं, हनुवटी तळव्यावर, डोक्याला निळा रुमाल, आणि नजर सरळ पुढे. म्हणजे पाल्मारोंच्या भांडी घासायच्या जागेवर. ती बार्नाबेनंच काढलेली, लग्न नवं असताना. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, देवोतनं, घासलेली यच्चयावत भांडी त्या बाईच्या देखरेखीखाली घासलेली.

बार्नाबे हा गडी तसा साधा. अंगानं काटकुळा, बोलायला कमी. एकदा शिडीवरून पडला तेव्हा डाव्या हाताची करंगळी मोडली आणि वाकडीच बसली. त्या करंगळीत तो रंगाची वाटी अडकवायचा आणि म्हणायचा, "पडलो ते बरंच झालं, आकडा फुकट मिळाला." या किनाऱ्यावरच्या किती भिंती त्यानं रंगवल्या असतील त्याला गणती नाही. बड्या हॉटेलांच्या रंगवल्या, बंगल्यांच्या रंगवल्या, आणि आत काय चालतं ते कधी पाहिलं नाही, कारण त्याचं तोंड कायम भिंतीकडे.

इथल्या भिंतींनी मात्र सगळं पाहिलंय. आधी लोक इथं मरायला यायचे. इंग्लंडचे, रशियाचे, क्षयानं छाती पोखरलेले, हिवाळाभर उन्हात बसायचे आणि मग वरच्या कब्रस्तानात जायचे. गावातलं सगळ्यात सुंदर समुद्रदर्शन आजही त्यांच्याच वाट्याला आहे. मग लोक जगायला यायला लागले, पत्ते खेळायला, नाचायला. तेही हिवाळ्यातच, उन्हाळ्यात हॉटेलांना कुलपं. मग कुणाच्या डोक्यात आलं की ऊन अंगावर घ्यायचं असतं, आणि उन्हाळ्यात कपडे काढायला यायला लागले. आता फोटो काढायला येतात. पायऱ्यांवरून त्यांच्या बॅगांची चाकं खडखडत उतरतात, दारादाराशी पाहुण्यांसाठी किल्ल्या ठेवलेल्या छोट्या पेट्या लटकतात. त्या पिवळ्या इमारतीत राहणारं माणूस आता कुणीच नाही, सगळे आठवड्याचे पाहुणे. आणि त्या पाहुण्यांना हवी असते ती बाई. तिची चित्रं फ्रिजला चिकटवायला विकत मिळतात. मागे एक नॉर्वेकर गृहस्थ बॅग घेऊन सगळे जिने चढला-उतरला, कारण त्याला 'बाईच्या खिडकीची खोली' हवी होती. शेवटी बार्नाबेनंच त्याला गल्लीत आणून समजावलं की बाबा, तिथं आत खोलीच नाही, भिंत आहे. तो गृहस्थ बराच वेळ वर बघत राहिला आणि मग म्हणाला, "पण ती तर आतून बघतेय."

तर त्या इमारतीला रंग द्यायची वेळ आली. इमारतीचा कारभार बघणारा मस्यू व्हियाल एका सकाळी पाल्मारोंकडे आला. देवोत आत पालकासारख्या एका भाजीची पानं धूत होती, बार्नाबे टेबलाशी कॉफी पीत होता.

"मस्यू पाल्मारो, तुम्ही काम सोडलंत हे ठाऊक आहे मला. पण बाकीची भिंत कुणीही करील, ती बाई तुमची. दुसऱ्यानं हात लावला तर गाव मला कच्चा खाईल."

"करतो की," बार्नाबे म्हणाला. "आहे तशीच उजळतो."

"आहे तशीच नको. मालकांचं म्हणणं, जरा आजच्या काळाची करा. काळा चष्मा, मोठी टोपी. मिलानच्या मालकाला तर तिच्या हातात पेला हवाय."

"कसला पेला?" देवोतनं पाठमोरीच विचारलं.

"शँपेनचा, मादाम."

"म्हणजे मी इथं पातेली घासणार आणि ती समोर बसून पिणार?"

मस्यू व्हियाल हसला, पण जपून. "बरं, टोपीचं राहू द्या, चेहरा तुम्ही म्हणाल तो. मात्र खाली पाटी लागणार आहे. ही बाई कोण, तिचं नाव. गाईड मंडळी वाट्टेल ते सांगतात. परवा एकीनं सांगितलं, ही रशियाची राजकन्या, कुणा अधिकाऱ्याची वाट बघत खोकून खोकून मेली. नाव लिहिलं की विषय मिटेल. कोण हो ती?"

बार्नाबेनं तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवलं.

देवोतनं हात पुसले आणि वळली. "सांग की. लाजतोस काय या वयात? मी आहे म्हणावं."

आता बघा. तेव्हाच जर बार्नाबे "हो" म्हणाला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि त्याची उरलेली जेवणं गरम झाली असती. पण तो खोटं फक्त भिंतीवर काढायला शिकला होता. तो म्हणाला, "असशील."

"असशील?"

"म्हणजे... तूच असणार. मला नेमकं आठवत नाहीये."

मस्यू व्हियालला एकदम दुसरीकडे काम आठवलं आणि तो निघून गेला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली, आणि मग खरी पंचाईत उभी राहिली. शेजारच्या दारातली आपोलोनी आली. आपोलोनी म्हणजे देवोतची लहानपणापासूनची मैत्रीण, लिंबाच्या बागेत काम करून पाठ वाकलेली, जीभ मात्र सरळ. रविवारचं जेवण ती कायम पाल्मारोंकडेच जेवते. ती आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "पाटीवर माझं पूर्ण नाव नको हं, नुसतं आपोलोनी पुरे."

देवोतच्या हातातला चमचा थांबला. "तुझं नाव कशाला?"

"मग कुणाचं? तो निळा रुमाल कुणाचा होता?"

"तुझा होता. पण त्या उन्हाळ्यात तो माझ्या डोक्यावर होता. तू मला दिला होतास."

"दिला नव्हता, तू मागून नेलास आणि परत केला नाहीस. आणि हनुवटीवरचा तीळ? तीळही मागून नेलास?"

आपोलोनीच्या हनुवटीला तीळ आहे, खरं आहे. भिंतीवरच्या बाईलाही होता. पण आपोलोनीचा डावीकडे, बाईचा उजवीकडे. देवोतनं ते बोट लावून दाखवलं. आपोलोनी म्हणाली, समोरासमोर उभं राहिलं की डावं उजवं होतंच, आरशात नाही का होत? बार्नाबे म्हणाला, आरशात होतं, चित्रात होत नाही. मग त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, बहुतेक होत नाही. आणि शेवटी त्यानं असंही सांगून टाकलं की तो तीळ नसून ब्रशाचा शिंतोडाही असू शकेल.

"म्हणजे मी शिंतोडा!" आपोलोनी म्हणाली आणि उठून गेली. जाता जाता तळलेल्या भाजीच्या करंज्या मात्र रुमालात बांधून घेऊन गेली, कारण भांडण वेगळं आणि करंज्या वेगळ्या.

त्या दोघी जन्मभर गल्लीतल्या एकाच बाकावर बसून शेंगा सोलत आल्या, समोर ती बाई. देवोत मनात म्हणायची, बघा माझा नवरा. आपोलोनी मनात म्हणायची, बिचारी देवोत, तिला कळू द्यायचं नाही. दोघींनी एकमेकींची कीव केली आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. या असल्या चांगुलपणापेक्षा एकदा कडकडून भांडलेलं बरं, असं माझं मत.

गल्लीतले लोक पुरावे घेऊन यायला लागले. कुणी म्हणालं, बार्नाबेची आई गल्लीतून येता-जाता त्या चित्राला "काय गं देवोत" म्हणायची, म्हणजे देवोतच. त्यावर दुसरं म्हणालं, म्हातारीला दिसत कुठे होतं, ती आपोलोनीलाही "काय गं देवोत" म्हणायची आणि एकदा पाद्रीबाबांनाही म्हणाली होती. बेकरीवाला म्हणाला, नाक देवोतचं आणि डोळे आपोलोनीचे. हे ऐकून दोघींनी त्याच्याकडून पाव घेणं बंद केलं.

बार्नाबेच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्याला एवढं आठवत होतं, की तो मचाणावर उभा होता, ऊन होतं, खाली बाकावर दोघी शेंगा सोलत होत्या आणि हसत होत्या. तो खाली बघायचा आणि भिंतीवर काढायचा. पण खाली बघताना कुणाकडे? तो डोळे मिटून बघायला लागला की कधी एक दिसायची, कधी दुसरी, आणि एकदा तर तो बेकरीवालाच दिसला.

रात्रीच्या जेवणाला देवोतनं सूप पुढ्यात ठेवलं आणि सरळच विचारलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट.

"मला पाटीचं काही नाही रे. राजकन्येचं नाव लिहा, नाहीतर मांजराचं लिहा. पण मी सगळं आयुष्य त्या बाईसमोर उभी राहून घालवलं. मला वाटायचं, तू मला तिथं बसवलंस, म्हणून ती माझ्याकडे बघते. आता मला एवढंच कळू दे. तू तेव्हा माझ्याकडे बघत होतास की तिच्याकडे?"

"देवोत, मी भिंतीकडे बघत होतो."

"सूप थंड होतंय," देवोत म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. पण त्या दिवसापासून तिनं खिडकीची झडप लावून घेतली आणि दिवसाढवळ्या दिवा लावून काम करायला लागली.

मग मचाण चढलं. बार्नाबे वर गेला तो मनाशी एक ठरवून: जवळून नीट बघायचं, चेहरा आपसूक ओळखू येईल. तो त्या बाईच्या समोर जाऊन उभा राहिला, नाकाला नाक लावून. आणि तिथं बाईच नव्हती. गालाच्या जागी पिवळट मातीचा फराटा, डोळ्याच्या जागी हिरवा डाग आणि त्यात पांढरा ठिपका, ओठ म्हणजे विटकरी रंगाची एक तिरकी रेघ. खालून बघणाऱ्यासाठी काढलेलं, जवळून काहीच नाही. तो मागे सरकला, अजून मागे सरकला, तेव्हा खालून मस्यू व्हियाल ओरडला, "मस्यू पाल्मारो, मागे मचाण संपलंय हो!"

मग त्याला सावलीची आठवण झाली. रुमालाची सावली बाईच्या गालावर आडवी, तिरकी पडलेली होती. ती हिवाळ्याची सावली. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, सावली सरळ खाली पडते. म्हणजे चित्र हिवाळ्यात काढलेलं! आणि हिवाळ्यात आपोलोनी दिवसभर लिंबाच्या बागेत. म्हणजे देवोत! तो भराभरा शिडी उतरला, या वयात उतरू नये तसा, आणि घरात जाऊन ओरडला, "देवोत, तू होतीस! हिवाळा होता!"

देवोतचा चेहरा क्षणभर उजळला. मग पडला. "हिवाळ्यात मी हॉटेलच्या धोबीखान्यात होते, बार्नाबे. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. मी बाकावर कधी बसले?"

"मग शेंगा?"

"हिवाळ्यात आपल्याकडे कुठल्या आल्यात ताज्या शेंगा?"

तो खाली बसला. आणि मग त्याला उस्तादाची शिकवण आठवली. इटलीहून आलेला म्हातारा उस्ताद होता त्याचा. तो म्हणायचा, चित्र केव्हाही काढ, सावली हिवाळ्याची टाक, कारण पैसेवाले हिवाळ्यात येतात, त्यांना भिंत खरी दिसली पाहिजे. उन्हाळ्यात इथं कोण असतं? आपणच, आणि आपल्याला ठाऊकच आहे की ती खोटी आहे. पुढे मोसम उलटला, सगळी दुनिया उन्हाळ्यात यायला लागली, आणि उस्तादाच्या चेल्यांच्या साऱ्या खिडक्या आजही भर ऑगस्टात जानेवारीच्या सावल्या पाडत बसल्यात. एकाही पाहुण्याला ते कळलेलं नाही. म्हणजे सावलीनं काहीच सिद्ध होत नव्हतं. हिवाळा नाही, उन्हाळा नाही, ही नाही, ती नाही.

"मग कोण होती?" देवोतनं विचारलं.

"मला माहीत नाही गं," बार्नाबे म्हणाला. आणि इतकी वर्षं भिंती रंगवलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. देवोतनं ते पाहिलं. तिनं त्याच्यापुढे पावाचा तुकडा सरकवला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंत धुतली. बाई विरघळून पिवळ्या ओघळांनी गल्लीत उतरली, आणि खालून जाणाऱ्या पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले. मग चुन्याचा हात दिला. आता काहीतरी काढायला हवं होतं. चेहरा काढायची त्याची छाती होईना. काढला तर कुणाचा ना कुणाचा होणार. मग त्यानं ठरवलं, झडपा अर्ध्या लोटलेल्या काढायच्या, दुपारच्या उन्हात आपण सगळे लोटतो तशा. आत अंधार. आणि फटीतून फक्त एक हात बाहेर, फडकं झटकणारा. बाई आहे, पण आत आहे.

हाताला नमुना हवा. तो मचाणावरून वाकला. "देवोत, जरा झडप उघडून हात बाहेर काढतेस का?"

झडपेआडून आवाज आला, "आपोलोनीला विचार."

त्यानं आपोलोनीला विचारलं. ती दारातून म्हणाली, "शिंतोड्याला हात नसतो."

मग त्यानं काय करावं? ब्रश उजव्या हातात होता. डावा रिकामा होता.

मचाण उतरलं त्या सकाळी सगळी गल्ली माना वर करून उभी. मस्यू व्हियालनं डोकं खाजवलं. "चष्मा नाही, टोपी नाही, बाईसुद्धा नाही. मी मिलानला काय कळवू?"

"कळवा की ऊन फार आहे, ती आत गेलीय," बार्नाबे म्हणाला.

पाटी बारगळली, कारण हाताला कुणी पाटी लावत नाही. गाईडबाईचं मात्र काही अडलं नाही. ती छत्री उंच धरून आली, वर बघून जराशी थबकली आणि तिच्या मागच्या घोळक्याला म्हणाली, "आणि हा राजकन्येचा हात. निरोपाचा." घोळका हळहळला. आधीपेक्षा जास्तच.

आपोलोनी बराच वेळ डोळे बारीक करून बघत होती. "अंगठा माझा आहे," ती म्हणाली. "लिंबं तोडून तोडून असाच झालाय."

देवोतही बाहेर आली होती. तिनं वर पाहिलं. मनगट पाहिलं, फडकं पाहिलं, बोटं पाहिली. करंगळीवर तिची नजर थांबली. ती करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून, आकड्यासारखी वाकलेली होती. बार्नाबेनं ती मुद्दाम तशी काढली होती की जे दिसलं ते काढलं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"हो," देवोत आपोलोनीला म्हणाली. "अंगठा तुझाच. रविवारी ये जेवायला. आणि तो रुमाल आहे अजून माझ्याकडे, घेऊन जा."

"आता कशाला? भोकं पडली असतील."

"पडलीत. तुझाच आहे ना पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवोतनं झडप उघडली. बार्नाबे टेबलाशी कॉफी पीत होता. ती त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होती, आणि मध्येच तिनं ओला, साबणाचा हात वर केला आणि समोरच्या भिंतीकडे बघून हलवला. हळूच, कुणी ओळखीचं दिसल्यावर करतात तसा.

बार्नाबेला कळेना. तिनं त्याला हात केला, की भिंतीला? तो तर इथं बसलाय. काही असो, त्यानं कप खाली ठेवला आणि आपला डावा हात वर केला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पण खांदे हलले, त्यावरून ती हसत असावी.

बहुतेक.